राजा केळकर संग्रहालयातला ‘राजा’ नेमका कोण? मोडीत निघालेल्या कड्या-कुलपांना घर देणाऱ्या दिनकर केळकरांची गोष्ट

जुनं घर पाडायला निघालं की सगळ्यात शेवटी एक पोतं उरतं.

कपाटं, पलंग वाटून होतात. भांड्यांची वाटणी होते. देवघर थोरल्या भावाकडे जातं. आणि कोपऱ्यात उरतं ते हे पोतं. त्यात दारांच्या कड्या असतात, कोयंडे असतात, काळी पडलेली पितळी फुलं असतात, झोपाळ्याची साखळी असते, किल्ली हरवलेलं कुलूप असतं. शिवाय दोन-चार वस्तू अशा असतात की त्या कशाच्या आहेत, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. मग मोडवाल्याला फोन जातो, काटा लागतो, किलोवर हिशोब होतो आणि विषय संपतो.

पुण्यात एक माणूस असा होऊन गेला, ज्यानं साठहून जास्त वर्षं हीच पोती उघडून बघितली. त्यातल्या एकेका वस्तूचं काम काय, घडण कशी, ती कुठून आली, हे तो शोधत राहिला. त्याच्या या नादातून देशातल्या सर्वांत वेगळ्या संग्रहालयांपैकी एक उभं राहिलं. त्या माणसाचं नाव दिनकर गंगाधर केळकर. आणि त्या संग्रहालयाचं नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय.

हा ‘राजा’ कुठल्या संस्थानचा?

पुण्यात पहिल्यांदा आलेल्या अनेकांचा इथे हमखास गोंधळ होतो. ‘राजा’ म्हणजे कुणी संस्थानिक असणार, त्यांनी आपला खजिना लोकांसाठी खुला केला असणार, असं वाटतं. पण केळकर कुठलेही राजे नव्हते.

हे नाव मराठी पद्धतीनं वाचून बघा. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. राजा दिनकर केळकर. शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलाचं नाव लिहावं, तसंच हे नाव आहे. राजा हा दिनकर आणि कमलाबाई केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच गेला. हजेरीपटावरून पुसलं गेलेलं ते नाव आई-वडिलांनी आपल्या संग्रहाला दिलं.

म्हणजे आपण ज्या इमारतीत तिकीट काढून अडकित्ते आणि दिवे बघत फिरतो, ते एका लहान मुलाचं स्मारक आहे. हे कळल्यावर तिथली प्रत्येक वस्तू थोडी वेगळी दिसायला लागते.

चष्म्याचं दुकान आणि ‘अज्ञातवासी’

दिनकर केळकरांचा जन्म १८९६ सालचा. त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा. लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं लावून देणं, हे त्यांचं रोजचं काम होतं. दुसरी ओढ कवितेची. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावानं ते कविता लिहीत आणि त्या काळच्या मराठी वाचकांना हे नाव परिचयाचं होतं.

त्यांची संग्रहाची सुरुवात साधारण १९२० च्या सुमाराची. तो काळ जरा डोळ्यांसमोर आणा. पुण्यात इतिहासाचं वारं जोरात होतं. वि. का. राजवाड्यांच्या पुढाकारानं १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं होतं. गावोगावच्या वाड्यांतून, देवळांतून, जुन्या दप्तरांतून कागद गोळा केले जात होते. पत्रं, सनदा, वंशावळी, मोडीतले हिशोब. इतिहास म्हणजे कागद, हे तेव्हाचं समीकरण होतं. मुंबईत १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी खुलं झालं. पण संग्रहालय म्हटलं की बहुतेकांच्या मनात यायच्या त्या मूर्ती, नाणी, शिलालेख, शस्त्रं आणि चित्रं.

अशा वेळी एक चष्मेवाला कवी लोकांच्या घरी जाऊन सुपारीचा अडकित्ता, पाय घासायची वजरी, कुंकवाचा करंडा, दौत, फणी आणि जुनं कुलूप मागत होता. त्यांची किंमत काय, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नव्हता, कारण या वस्तू घरोघरी होत्या. जे घरोघरी असतं ते जपायचं कशाला, हा सरळ हिशोब होता.

केळकरांनी नेमका हा हिशोब उलटा मांडला. तलवार जपायला घराणी होती, मूर्ती जपायला देवळं होती, कागद जपायला मंडळ होतं. अडकित्ता आणि कोयंडा जपायला कुणीच नव्हतं. रोजच्या वापरातली वस्तू झिजते, मोडते, मोडीत जाते आणि तिची जागा नवी वस्तू घेते. त्यामुळे हजारोंच्या संख्येनं असलेली गोष्टच पुढच्या दोन पिढ्यांत शोधून सापडत नाही.

पदरमोड करून जमवलेला संसार

केळकर श्रीमंत नव्हते. दुकानाच्या कमाईवर घर चालत होतं आणि त्याच कमाईतून वस्तू येत होत्या. महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडची राज्यं अशी त्यांची भटकंती चालायची. जुन्या घराण्यांत, बाजारांत, भंगारवाल्यांकडे ते जात राहिले.

या सगळ्यात कमलाबाई त्यांच्या बरोबरीनं होत्या. वस्तू शोधण्यापासून त्या जपण्यापर्यंत त्यांचा हात होता. घरात माणसांपेक्षा वस्तू जास्त होत जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी एखादा ‘जमवणारा’ माणूस आहे त्याला सांगायला नको! १९६० च्या सुमारास ही संख्या पंधरा हजारांच्या आसपास गेली होती. आज संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या असतात.

यातल्या बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. म्हणजे आपल्या खापरपणजोबांच्या घरात सहज सापडल्या असत्या अशा.

एक कडी, एक कुलूप, एक दिवा

केळकरांनी जमवलेल्या वस्तूंत नक्षी भरपूर आहे. पण ती नुसती शोभेची नाही. एकेक वस्तू समोर ठेवून बघूया.

दार घ्या. वाड्याच्या मोठ्या दाराला एक छोटं दार असायचं, ते म्हणजे दिंडी. मोठं दार बंद ठेवून दिंडीतून वाकून आत यायचं. आत येणारा वाकलेला असला की आतल्या माणसाला त्याचा सामना करणं सोपं. दारावरचे खिळेही असेच. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर दिसणारे लांब अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले आहेत, म्हणजे हत्तीनं धडक मारू नये. पुढे साध्या घरांच्या दारांवर याच खिळ्यांची गोल पितळी फुलं झाली. हत्ती गेला, भीती गेली, पण दारावर खिळ्यांच्या रांगा लावायची सवय राहिली. पोत्यात सापडणारं पितळी फूल हे त्या मोठ्या खिळ्याचं धाकटं भावंड आहे.

कुलूप घ्या. आपल्याकडच्या जुन्या कुलपांच्या एका प्रकारात आत पोलादी पात्या असतात. बाणाच्या टोकासारख्या त्या बाहेरच्या बाजूला पसरलेल्या असतात. दांडा आत ढकलला की पात्या आत जाऊन फाकतात आणि अडकतात. मग दांडा मागे ओढता येत नाही. किल्ली फिरवायची नसतेच. ती दुसऱ्या बाजूनं आत सरकवायची. ती पात्यांना चेपते आणि दांडा सुटतो. दुसऱ्या प्रकारात किल्लीला आटे असतात आणि ती स्क्रूसारखी फिरवत आत न्यावी लागते. काही कुलपांत किल्लीचं भोकच एखाद्या सरकत्या पट्टीखाली लपवलेलं असतं. ज्याला ठाऊक नाही, तो किल्ली हातात असूनही दाराबाहेरच. अशी कुलपं अनेकदा प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराची असत आणि त्या आकारातच ही लपवाछपवी सामावलेली असे.

अडकित्ता घ्या. दोन दांडे, एक खिळा, एक पातं. तरफेचा साधा नियम. पण त्याचे पोपट झाले, मोर झाले, घोडे झाले, स्त्री-पुरुषांच्या जोड्या झाल्या. विडा करणं हा पाहुणचाराचा भाग होता. त्यामुळे अडकित्ता चारचौघांत हातात धरला जायचा आणि म्हणून तो देखणा असायला हवा होता.

वजरी तर न्हाणीघरातली वस्तू. खालचा भाग खरखरीत, टाच घासण्यासाठी. वर धरायला मूठ. पण त्या मुठीवरही पक्षी बसवलेला. न्हाणीघरात कोण बघणार होतं? तरीही कारागिरानं तो बसवला.

आणि दिवे. समई, निरांजन, पंचारती, साखळीनं टांगायचा लामणदिवा. दिव्यांवर केळकरांचा विशेष जीव होता. त्यांनी भारतातल्या दिव्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं ते १९६१ साली प्रसिद्ध केलं. कुठलंही मोठं संस्थान किंवा विद्यापीठ पाठीशी नसताना, फक्त वस्तू हाताळून मिळवलेलं हे ज्ञान होतं.

या सगळ्या वस्तू बनवणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. तांबट, कासार, लोहार, ओतारी. त्यांनी आपल्या कामावर सही केली नाही. ‘अज्ञातवासी’ नावानं लिहिणाऱ्या कवीला या निनावी कारागिरांचं काम जपावंसं वाटलं, यात नवल नाही.

शहर बदलत होतं, पोती भरत होती

केळकर जमवत होते त्या काळात त्यांच्याभोवतीचं पुणंही झपाट्यानं बदलत होतं.

स्वयंपाकघरात आधी ॲल्युमिनियम आलं, मग स्टेनलेस स्टील. कल्हई लावायची कटकट गेली. पितळी भांडी मोडीला घालून त्याबदल्यात स्टीलची भांडी घेणं हा घरोघरचा कार्यक्रम झाला. विजेचे दिवे आले आणि समई सणापुरती उरली. सुपारी कातरून मिळायला लागली. न्हाणीघराचं बाथरूम झालं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. मुठेच्या पुरानं नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात जमीनदोस्त केले. जे उरले, ते पुढच्या दशकांत अपार्टमेंटच्या योजनांत गेले. वाडा पाडायचा तर आधी दारं निघतात, दारांचं लाकूड वेगळं विकलं जातं आणि लोखंड-पितळ वेगळं. एकदा कडी दारापासून सुटली, दार वाड्यापासून सुटलं, की ती कडी कुठली हे सांगणारं कुणी उरत नाही.

केळकरांनी याही पुढची उडी मारली. एक अख्खी वास्तूच त्यांनी संग्रहालयात आणली. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मस्तानीसाठी कोथरूडला निवासस्थान बांधलं होतं. त्याचे उरलेसुरले अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात पुन्हा जोडून मस्तानी महालाचं दालन उभं केलं. खांब, कमानी, छत जिथल्या तिथे बसवल्यावर ते नुसतं जुनं लाकूड राहत नाही, ती खोली होते. तिच्यात उभं राहता येतं.

केळकरांच्या साऱ्या कामाचं सार इथे सापडतं. सुटी वस्तू म्हणजे भंगार. तीच वस्तू आपल्या जागी, आपल्या नावासह, आपल्या सोबतच्या वस्तूंसह ठेवली की ती साक्ष होते.

आणि मग सगळं देऊन टाकलं

आयुष्यभर पदरमोड करून जमवलेली वस्तू सोडवत नाही. संग्राहकांच्या मागे त्यांचे संग्रह बरेचदा वारसांत वाटले जातात, लिलावात जातात, परदेशात जातात. केळकरांनी आपल्या हयातीतच सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यांच्या संग्रहातल्या वस्तूंचा तेव्हाही बाजार होता आणि परदेशी गिऱ्हाईकही होतं. पण संग्रह फुटला नाही. बाजीराव रस्त्याजवळ शुक्रवार पेठेत तो एकाच छपराखाली राहिला.

पुणे विद्यापीठानं या चष्मेवाल्या कवीला सन्माननीय डी.लिट. दिली. म्हणूनच पुढे त्यांच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागलेलं दिसतं. १९९० साली, नव्वदी ओलांडल्यावर, ते गेले.

सार्वजनिक इमारतीवर स्वतःचं नाव लागावं म्हणून लोक काय काय करतात, ते आपण बघतोच. इथे वडिलांचं नाव मधे आहे, मुलाच्या नावामागे. फॉर्ममध्ये ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात भरावं तसं.

आता तुमच्या पोत्याकडे वळूया

समजा, तुमच्या गावच्या घराचं काम निघालंय आणि ते पोतं तुमच्यासमोर आहे. मोडवाल्याला बोलावण्याआधी एक दुपार द्या. एवढं करून बघा.

*१. सोडवण्याआधी फोटो.* कडी अजून दारावर असेल तर ती तशीच असताना फोटो काढा. पूर्ण दार, मग जवळून, मग मागची बाजू. कोणत्या खोलीचं दार, कोणत्या बाजूला, हे लिहा. नंतर कितीही शोधलं तरी ही माहिती परत मिळत नाही.

*२. काम ओळखा.* ही वस्तू अडवते, धरते, टांगते की सजवते? झीज बघा. जिथे साखळी घासली, जिथे बोट लागलं, तिथला धातू गुळगुळीत आणि चकचकीत असतो. झीज खोटं सांगत नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात वस्तू द्या. त्यांना नाव आठवलं नाही तरी हात अनेकदा ती बरोबर धरतो.

*३. धातू ओळखा.* आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, किंवा लोखंडावर दिलेला पितळी मुलामा. नाही चिकटलं तर रंग बघा. तांबूस असेल तर तांबं. पिवळं असेल तर पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. फिकट पिवळं असेल आणि टिचकी मारल्यावर घंटेसारखा आवाज घुमत राहिला तर कासं, म्हणजे तांबं आणि कथील. पांढरट चकाकी दिसली की लगेच चांदी समजू नका. जर्मन सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूत तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी मुळीच नसते.

*४. घडण बघा.* मागची बाजू नेहमी जास्त बोलते. ओतीव वस्तूची पाठ खरबरीत असते, कुठे कुठे बारीक भोकं दिसतात. ठोकीव वस्तूवर हातोडीचे ठसे असतात. हातानं कानस मारल्याच्या रेघा कमी-जास्त, वाकड्या असतात आणि जोडीतल्या दोन वस्तू हुबेहूब सारख्या नसतात. जुन्या कोयंड्याला स्क्रू नसतो. त्याचे दोन पाय लाकडातून आरपार घालून मागे वाकवून ठोकलेले असतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू मुळातला असेल तर ती वस्तू फार तर विसाव्या शतकातली. मात्र स्क्रू नंतर बदललेलाही असू शकतो, म्हणून एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका. इंग्रजी शहराचं किंवा कंपनीचं नाव उमटवलेलं असेल तर ती विलायती माल आहे. ब्रिटिश काळात मुंबई-पुण्याच्या घरांत असा माल भरपूर आला. त्यालाही स्वतःचा इतिहास आहे.

*५. घासू नका!* सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चिंच, लिंबू, ॲसिड, तारेचा ब्रश किंवा बफिंगचं चाक यांनी वस्तू झळकते, पण तिच्यावरचा काळाचा थर जातो आणि बारीक नक्षी झिजते. ॲसिडमध्ये पितळ जास्त वेळ राहिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग राहतात. रोजच्या पूजेची समई घासायलाच हवी, तो वेगळा विषय. पण संग्रही ठेवायची कडी मऊ ब्रशनं झाडा, सुक्या कापडानं पुसा, बास. फिकट हिरवी भुकटी धरत असेल तर वस्तू कोरड्या जागी, इतरांपासून वेगळी ठेवा. लोखंड पाण्यात भिजवू नका, सुका गंज झाडून तेलाचा हलका हात द्या. वर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासून काढू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ श्वासात जाते.

ठेवायचं, वापरायचं, द्यायचं की विकायचं?

सर्वांत उत्तम म्हणजे वापरणं. जुनी कडी नव्या घराच्या दाराला लावता येते. झोपाळ्याची साखळी नव्या हॉलमध्ये लागू शकते, फक्त आधी तिचे जोड आणि छताचा हुक जाणकाराकडून तपासून घ्या. नवीन भोकं पाडून, वेल्डिंग करून, कापून वस्तूला ‘डेकोर’ बनवण्यापेक्षा तिचं मूळ काम तिला परत देणं चांगलं.

सगळं ठेवणं शक्य नसतं, हे मान्य. मग निवड करा. जोडीतलं एक तरी, आणि त्यासोबत एक चिठ्ठी. कुठलं गाव, कुठलं घर, कुठलं दार, कोणाच्या वापरातलं. ही चिठ्ठी वस्तूइतकीच मोलाची आहे. संग्रहालयाला काही द्यायचं असेल तरी ही माहिती असलेल्या वस्तूचा विचार आधी होतो.

विकायचं असेल तर कायदाही माहीत हवा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, अगदी परदेशातल्या सख्ख्या बहिणीलाही नाही. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. धातूच्या मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. त्यामुळे पोत्यात मूर्ती निघाली तर आधी चौकशी, मग पुढचं.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, पोतं मोडीतच जाणार असेल, तरी निदान फोटो आणि नावं राहू द्या. कोयंडा म्हणजे काय, अडसर कुठे बसतो, दिंडी कशाला म्हणतात, हे शब्द वस्तूंबरोबरच मोडीत जातात.

पुण्यात गेलात तर

राजा केळकर संग्रहालयात जाणार असाल तर घाईत जाऊ नका आणि शक्यतो आजी-आजोबांना सोबत न्या. तिथल्या पाट्यांपेक्षा जास्त माहिती ते देतील. अमुक वस्तू आमच्याकडे होती, तमुक वस्तू आत्याच्या घरी होती, असं ते प्रत्येक कपाटासमोर थांबतील. मग त्या वस्तू गेल्या कुठे, असं विचारलंत तर बहुतेकदा एकच उत्तर मिळेल. मोडीत घातल्या.

दिनकर आणि कमलाबाई केळकरांना आपला मुलगा राखता आला नाही. पण परक्यांच्या घरातल्या हजारो वस्तू त्यांनी राखल्या आणि त्या सगळ्यांवर त्याचं नाव घातलं. आज शाळांच्या सहली तिथे येतात. रांगेत उभी राहणारी मुलं साधारण राजाच्याच वयाची असतात, आणि आत जाताना दारावरचं त्याचं नाव मोठ्यानं वाचतात.